छायांग

छायांग : शस्त्रक्रियेने किंवा अपघाताने हात, पाय यांसारखा अवयव शरीरापासून वेगळा झाल्यानंतरही तो जागेवरच आहे, अशी स्पष्ट जाणीव पुष्कळ व्यक्तींना होत राहते. या जाणिवेतील अवयवाला छायांग असे म्हणतात. ही जाणीव नुसत्या आठवणीसारखी नसते. छायांगाला आकार, लांबी व विशिष्ट ठेवण असते. त्याला खाज सुटते, मुंग्या येतात, ऊबगारवा जाणवतो. काहींना ते इच्छेनुसार हलविताही येते. पाय गमावलेली व्यक्ती झोपेतून उठताना नसलेल्या पायावर भार देऊ पाहते व पडते. अवयव गमावलेल्या बहुतेक सर्वांना ही जाणीव कधी ना कधी होते आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक व्यक्तींना छायांगात वेदनाही होतात. या वेदना भाजल्यासारख्या, विजेचा झटका बसल्यासारख्या किंवा पेटके आल्यासारख्या असतात. मूठ घट्ट आवळली गेली असून नखे तळहातात रुतत आहेत आणि मूठ काही केल्या उघडत नाही, ही हात गमावलेल्यांची नेहमीची तक्रार असते. अवयवाच्या उरलेल्या भागात, म्हणजे खुंटात, होणारी वेदना छायांगवेदनेहून वेगळी मानतात. मात्र एकाच व्यक्तीत दोन्ही असू शकतात.

जो अवयव नाही त्याची संवेदना कोठे उत्पन्न होते, हा या विषयातील मूळ प्रश्न होय. गेल्या चार शतकांत त्याला खुंट, मन, मेरुरज्जू आणि मेंदू अशी निरनिराळी उत्तरे देण्यात आली. हा वाद केवळ तात्त्विक नव्हता. उत्तर बदलले की रुग्णावर होणारे उपचारही बदलत. खुंटाला दोष दिला गेला तेव्हा खुंट पुन्हा कापण्यात आले; मनाला दोष दिला गेला तेव्हा रुग्णाच्या सांगण्यावर अविश्वास दाखविण्यात आला. त्यामुळे छायांगाचा इतिहास हा तंत्रिकाविज्ञानाचा इतिहास असून रुग्णाच्या शब्दाला वैद्यकाने किती मोल दिले याचाही तो इतिहास आहे.

प्रारंभीच्या नोंदी : अंगच्छेदन प्राचीन काळापासून होत असले, तरी रक्तस्राव व जंतुसंसर्ग यांमुळे त्यातून वाचणारे थोडे असत. फ्रेंच शल्यचिकित्सक आंब्र्वाझ पारे (सु. १५१०–९०) यांनी युद्धभूमीवरील जखमींवर उपचार करताना रक्तवाहिन्या डागण्याऐवजी दोऱ्याने बांधण्याची पद्धत अंगच्छेदनात रूढ केली. कापून टाकलेल्या भागात दुखते, अशी तक्रार रुग्ण अनेक महिन्यांनंतरही करतात, हे पारे यांनी सोळाव्या शतकाच्या मध्यास नोंदविले. ज्याने असे रुग्ण पाहिले नाहीत त्याला ही गोष्ट खरी वाटणार नाही, याची त्यांना कल्पना होती. तरीही त्यांनी रुग्णांचे म्हणणे खरे मानून लिहून ठेवले.

या घटनेचा तात्त्विक उपयोग प्रथम रने देकार्त (१५९६–१६५०) या फ्रेंच तत्त्वज्ञाने केला. १६४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चिंतनांत इंद्रियांची साक्ष नेहमीच विश्वसनीय नसते, हे दाखविण्यासाठी त्याने अंगच्छेदन झालेल्यांचे उदाहरण दिले. तत्त्वज्ञानाच्या मूलतत्त्वांवरील १६४४ च्या ग्रंथात त्याने एका मुलीची हकिगत सांगितली आहे. तिच्या हाताला कोथ झाला होता. शल्यचिकित्सक येई तेव्हा तिचे डोळे झाकीत असत. तिचा हात कोपरापर्यंत कापण्यात आला आणि त्या जागी कापडाच्या पट्ट्या अशा गुंडाळल्या की, हात गेल्याचे तिला काही काळ कळलेच नाही. त्या अवधीत कधी या बोटात, कधी त्या बोटात दुखते, असे ती सांगत राही. बोटांपर्यंत जाणाऱ्या तंत्रिका आता कोपराजवळ संपत असल्या, तरी त्यांच्यातील हालचाल मेंदूपर्यंत पोहोचते आणि मेंदू ती बोटांतून आली असे समजतो, असा अर्थ देकार्तने लावला. हाताची वेदना हातात नव्हे, तर मेंदूत जाणवते, हे त्यातून त्याला सिद्ध करावयाचे होते. या विचारात दोन बाजू होत्या : संदेश खुंटातील तंत्रिकेतून निघतो ही एक आणि त्याचा अर्थ मेंदू लावतो ही दुसरी. पुढील काळातील मते यांपैकी एका किंवा दुसऱ्या बाजूकडे झुकत राहिली.

मिचेल यांचे कार्य : १८४६ नंतर ईथराचा शस्त्रक्रियेत वापर सुरू झाला आणि अंगच्छेदनाच्या शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर करणे शक्य झाले. अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१–६५) मऊ शिशाच्या गोळ्यांनी हाडांचा चुरा होत असल्याने एकट्या उत्तरेकडील सैन्यात सुमारे ३०,००० अंगच्छेदने झाली. फिलाडेल्फियातील टर्नर्स लेन रुग्णालयात तंत्रिकांच्या दुखापतींचे सैनिक एकत्र ठेवण्यात आले होते. तेथे काम करणारे वैद्य सायलस विअर मिचेल (१८२९–१९१४) यांना या घटनेचा पद्धतशीर अभ्यास करण्याची संधी मिळाली.

मिचेल यांनी या विषयावर प्रथम लिहिले ते मात्र कथेच्या रूपाने. जुलै १८६६ मध्ये द अटलांटिक मंथली या मासिकात त्यांनी निनावी कथा प्रसिद्ध केली. तिचा निवेदक, जॉर्ज डेडलो हा लष्करी वैद्य, चारही अवयव गमावलेला आहे. अनेक वाचकांना ही हकिगत खरी वाटली आणि काहींनी त्या काल्पनिक सैनिकासाठी पैसेही पाठविले. १८७१ मधील एका लेखात मिचेल यांनी या अवयवांना भुतांची उपमा देऊन जे नाव दिले तेच पुढे जगभर रूढ झाले. तंत्रिकांच्या दुखापतींवरील १८७२ च्या ग्रंथात त्यांनी ९० रुग्णांची माहिती दिली आहे. त्यांपैकी केवळ चौघांना छायांगाची जाणीव कधीच झाली नव्हती. छायांग पुष्कळदा मूळ अवयवापेक्षा आखूड जाणवते व हाताचा पंजा हळूहळू खुंटाकडे सरकत येतो, हेही त्यांनी नोंदविले. खुंटाजवळील तंत्रिकांना विजेने उद्दीपित केले असता ज्या रुग्णाची छायांगाची जाणीव लोपली होती, त्याला आपला हात एकाएकी परत आल्यासारखे वाटले. यावरून छायांगाचा उगम मुख्यतः खुंटातील तंत्रिकांच्या क्षोभात असावा, असे मत बळावले.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स (१८४२–१९१०) यांनी प्रश्नावली पाठवून १८५ व्यक्तींची उत्तरे मिळविली व त्यांवर आधारलेला लेख १८८७ मध्ये प्रसिद्ध केला. या उत्तरांत इतकी विविधता होती की, त्यांतून एकच नियम काढणे शक्य नव्हते. सारखीच दुखापत झालेल्या दोन व्यक्तींचे अनुभव अगदी वेगळे असू शकतात, हे त्यांचे निरीक्षण आजही खरे ठरते.

खुंट की मन : तंत्रिका कापली की तिचे टोक पुन्हा वाढू पाहते, वाट न मिळाल्याने तेथे तंतूंची गाठ बनते. या गाठीतून उत्स्फूर्त संदेश निघतात, ही वस्तुस्थिती आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिच्यावरच सर्व भर देण्यात आला. गाठ काढून टाकणे, खुंट आणखी वर कापणे, तंत्रिकामुळे तोडणे, मेरुरज्जूतील वेदनावाहक पथ छेदणे आणि अखेरीस मेंदूच्या बाह्यकाचा भाग काढणे, अशा चढत्या क्रमाने शस्त्रक्रिया होत राहिल्या. त्यांनी काही काळ आराम पडे. परंतु बहुधा वेदना परत येत आणि रुग्णाच्या शरीराचा आणखी काही भाग मात्र कायमचा जाई.

शस्त्रक्रिया अयशस्वी ठरल्यावर दुसरे टोक गाठण्यात आले. अवयव गेल्याचे दुःख रुग्णाला स्वीकारता येत नाही म्हणून तो असल्याचा आभास त्याचे मन निर्माण करते, असे स्पष्टीकरण मानसविश्लेषणाच्या प्रभावकाळात प्रचलित झाले. अवयव गमावल्याचा शोक खरा असतो आणि ताणाने वेदना वाढतात, हेही खरे आहे. तथापि या मताचा व्यावहारिक परिणाम असा झाला की, वेदनेची तक्रार म्हणजे मनोदौर्बल्याचे लक्षण, असे रुग्णांना उघड वा आडून सांगितले जाऊ लागले. परिणामी अनेकांनी तक्रार करणेच सोडून दिले. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत उत्तर देणाऱ्यांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक व्यक्तींना छायांगवेदना होत असल्याचे दिसून आले, तेव्हा अपवादात्मक मानलेली ही वेदना सर्वसामान्य आहे हे उघड झाले.

मेंदूतील शरीराचा नकाशा : मेंदूकडे निर्देश करणारा एक महत्त्वाचा पुरावा हेन्री हेड (१८६१–१९४०) व गॉर्डन होम्स (१८७६–१९६५) या ब्रिटिश तंत्रिकावैज्ञानिकांनी १९११ मध्ये दिला. पाय गमावलेल्या एका व्यक्तीला छायांगाची जाणीव होती; पुढे तिच्या मेंदूला इजा झाली आणि छायांग नाहीसे झाले. खुंट तोच होता, बदल झाला होता तो मेंदूत. शरीराच्या ठेवणीचा एक आराखडा मेंदू सतत बाळगून असतो, अशी कल्पना त्यांनी मांडली.

या आराखड्याला शारीरिक आधार कॅनडातील माँट्रिऑल येथील शल्यचिकित्सक वाइल्डर पेनफील्ड (१८९१–१९७६) यांच्या कार्याने मिळाला. अपस्माराच्या रुग्णांवरील शस्त्रक्रियेत रुग्ण जागा असे. कारण मेंदूला स्वतःला वेदना होत नाही व कवटीभोवतीचा भाग बधिर करणे पुरेसे होते. बाह्यकाच्या निरनिराळ्या बिंदूंना सौम्य विद्युत् उद्दीपन दिले असता रुग्ण कधी ओठावर, कधी अंगठ्यावर स्पर्श झाल्याचे सांगे. या निरीक्षणांवरून पेनफील्ड व त्यांचे सहकारी एडविन बोल्ड्री यांनी १९३७ मध्ये संवेदी बाह्यकाचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात ओठ व बोटे यांना शरीरावरील त्यांच्या आकारमानाच्या मानाने फार मोठी जागा आहे. तसेच नकाशातील शेजार शरीरावरील शेजाराशी सर्वत्र जुळत नाही : हाताचे क्षेत्र चेहऱ्याच्या क्षेत्राला लागून आहे. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली.

रोनाल्ड मेलझॅक (१९२९–२०१९) व पॅट्रिक वॉल (१९२५–२००१) यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या द्वार-नियंत्रण सिद्धांतानुसार वेदनेचा संदेश मेंदूकडे तारेतून गेल्यासारखा सरळ जात नाही. मेरुरज्जूत तो वाढविला वा रोखला जातो आणि मेंदूही या क्रियेवर नियंत्रण ठेवतो. १९७८ मध्ये मेलझॅक व जॉन लोझर यांनी मेरुरज्जूचा खंड काढून टाकलेल्या रुग्णांचे वर्णन केले. त्यांच्या पायांकडून मेंदूकडे संदेश जाणे शक्य नव्हते. तरीही त्यांना पायांत तीव्र वेदना होत. यावरून शरीराची जाणीव निर्माण करणारे विस्तृत जाळे मेंदूतच असते व बाहेरून संदेश न आल्यासही ते कार्य करू शकते, असे प्रतिपादन मेलझॅक यांनी केले.

नकाशाच्या पुनर्रचनेची कल्पना : प्रौढ मेंदूतील नकाशा कायमचा असतो, असा समज १९८० पर्यंत प्रबळ होता. मायकेल मर्झनिक, जॉन कास व त्यांचे सहकारी यांनी १९८३–८४ मध्ये प्रौढ माकडांवर केलेल्या प्रयोगांत त्याला धक्का बसला. हाताचे एक बोट काढल्यानंतर काही महिन्यांनी त्या बोटाचे बाह्यकातील क्षेत्र शेजारच्या बोटांच्या स्पर्शाला प्रतिसाद देऊ लागले. हा बदल एकदोन मिमी. पुरता होता. १९९१ मध्ये टिमथी पॉन्झ व त्यांचे सहकारी यांनी याहून मोठा बदल नोंदविला. अमेरिकेतील सिल्व्हर स्प्रिंग येथील प्रयोगशाळेतील माकडांच्या एका हाताच्या संवेदी तंत्रिकामुळांचा छेद बारा वर्षांपूर्वी करण्यात आला होता. त्यांच्या छळाच्या आरोपावरून १९८१ पासून मोठा वाद व न्यायालयीन लढा झाला होता. अखेरच्या तपासणीत हाताचे सबंध क्षेत्र चेहऱ्याच्या स्पर्शाला प्रतिसाद देताना आढळले. हा विस्तार एक सेंमी. पेक्षाही अधिक होता.

मद्रास येथील स्टॅन्ली वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेऊन पुढे सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात संशोधन करणारे व्ही. एस्. रामचंद्रन (१९५१–) यांनी हे निष्कर्ष मानवी अनुभवाशी जोडले. माकडाला गालावर स्पर्श केल्यावर काय जाणवते हे विचारता येत नाही. माणसाला विचारता येते. १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत त्यांनी डावा हात गमावलेल्या सतरा वर्षांच्या मुलाच्या चेहऱ्याला कापसाच्या बोळ्याने स्पर्श केला. मुलाचे डोळे झाकलेले होते. अपघाताला केवळ चार आठवडे झाले होते. तरीही डाव्या गालावरील ठराविक बिंदूंना स्पर्श झाला की, तो गालावर तसाच छायांगाच्या ठराविक बोटांवरही जाणवे. हाताच्या रिकाम्या क्षेत्रात चेहऱ्याकडून आलेले संदेश शिरले असावेत, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. १९९५ मध्ये हेर्टा फ्लोर व त्यांचे जर्मन सहकारी यांनी हात गमावलेल्या तेरा व्यक्तींच्या मेंदूतील चुंबकीय क्रिया मोजली. ज्यांच्या बाबतीत ओठांचे क्षेत्र हाताच्या क्षेत्राकडे अधिक सरकलेले दिसले, त्यांची वेदनाही अधिक होती. अशा प्रकारे नकाशाची पुनर्रचना हे वेदनेचे कारण असून नकाशा पूर्ववत करणे हा उपाय होय, असे मत पाठ्यपुस्तकांत स्थिर झाले.

फेरविचार : या मताला एकविसाव्या शतकात गंभीर आव्हान मिळाले. रुग्णांना पूर्वीप्रमाणे गालावर स्पर्श करून न थांबता छायांग हलविण्यास सांगितले, तर मेंदूत काय घडते, हे टॅमर मॅकिन व त्यांचे सहकारी यांनी चुंबकीय अनुस्पंदनावर आधारित प्रतिमादर्शनाने तपासले. १९१६ च्या सुमारास असे परीक्षण कल्पनेतही नव्हते. २०१३ मध्ये मात्र त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. छायांग हलविताना नसलेल्या हाताचे क्षेत्र कार्यरत होत होते आणि ज्यांची वेदना अधिक, त्यांच्यात ही क्रिया अधिक टिकून होती. १९९५ च्या निष्कर्षाच्या हे विरुद्ध होते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर अंगच्छेदनानंतर दोन दशकांहून अधिक काळ लोटलेल्या व्यक्तींच्या मेंदूत प्रत्येक बोटाचा स्वतंत्र नकाशा शाबूत आढळला.

मग माकडांच्या मेंदूत दिसलेला बदल कसा समजावयाचा? त्यासंबंधी दोन मुद्दे मांडले जातात. पहिला मोजमापाच्या पद्धतीचा आहे. बाह्यकाच्या प्रत्येक भागात प्रमुख संदेशांबरोबर शेजारच्या अवयवांचे क्षीण संदेशही येत असतात. एखादा बिंदू ज्या अवयवाला सर्वांत मोठा प्रतिसाद देतो त्याच अवयवाचा तो, असे ठरविल्यास हाताचे संदेश बंद होताच चेहऱ्याचे क्षीण संदेश आपोआप पहिले ठरतात. प्रत्यक्षात नवीन जोडणी झालेली असेलच असे नाही. दुसरा मुद्दा बदलाच्या जागेचा आहे. हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातील निरंजन कांबी, नीरज जैन व त्यांचे सहकारी यांनी २०१४ मध्ये, मेरुरज्जूला इजा झालेल्या माकडांत, बाह्यकात दिसणारा चेहऱ्याचा विस्तार वस्तुतः मस्तिष्क स्तंभातील बदलांमुळे घडतो, असे दाखविले. तेथील हाताशी संबंधित केंद्रक तात्पुरते निष्क्रिय केले असता बाह्यकातील तो विस्तारही नाहीसा झाला.

तथापि अंगच्छेदनाआधीचा नकाशा उपलब्ध नसल्याने पूर्वीचे सर्व अभ्यास एका व्यक्तीची तुलना दुसऱ्या व्यक्तींशी करीत होते. ही उणीव हंटर शोन, मॅकिन व त्यांचे सहकारी यांच्या २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दूर केली. वैद्यकीय कारणांनी हात काढावा लागणार होता अशा तिघांच्या मेंदूंच्या प्रतिमा शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर वारंवार घेण्यात आल्या. हात गेल्यानंतरही हाताचे क्षेत्र पूर्वीसारखेच राहिले व ओठांचे क्षेत्र त्यात शिरले नाही. रुग्णांची संख्या लहान असली, तरी प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशीच असल्याने या निष्कर्षाला विशेष महत्त्व आहे.

दरम्यान खुंटाजवळील तंत्रिकांकडेही पुन्हा लक्ष गेले. अल्बेनिया व इझ्राएलमधील संशोधकांनी २०१४ मध्ये, पाय गमावलेल्या रुग्णांच्या तंत्रिकामुळांजवळील गुच्छिकांच्या परिसरात संवेदनाहारक औषध दिले असता छायांगवेदना तात्पुरती थांबते, असे नोंदविले. म्हणजे वेदनेचे संदेश निदान काही रुग्णांत परिघीय तंत्रिकातंत्रातून येतात आणि मेंदूतील टिकून राहिलेला नकाशा त्यांना नसलेल्या अवयवाचा पत्ता देतो. देकार्तच्या विवेचनातील दोन्ही बाजू येथे एकत्र येतात.

उपचार : रामचंद्रन यांनी १९९० नंतरच्या दशकात आरशाची साधी पेटी वापरात आणली. शाबूत हाताचे प्रतिबिंब गेलेल्या हाताच्या जागी दिसेल असा आरसा उभा ठेवतात. रुग्ण शाबूत हाताची मूठ उघडतो तेव्हा दुसऱ्या हाताची मूठही उघडल्याचे त्याला दिसते. काहींना छायांगाची आवळलेली मूठ त्याच क्षणी सैल झाल्यासारखी वाटते. पाय गमावलेल्या अमेरिकन सैनिकांवरील २००७ च्या चाचणीत चार आठवड्यांनंतर आरसा वापरणाऱ्या सहाही जणांची वेदना कमी झाली. झाकलेला आरसा वापरणाऱ्या सहांपैकी एकाची व केवळ मनात हालचाल कल्पिणाऱ्या सहांपैकी दोघांची वेदना कमी झाली. पुढील चाचण्यांचे निष्कर्ष मात्र संमिश्र आहेत. आरशाने आराम पडत असला, तरी तो नकाशा दुरुस्त झाल्यामुळेच पडतो, असे आता निश्चितपणे म्हणता येत नाही. उपचाराची उपयुक्तता व त्याच्या स्पष्टीकरणाची सत्यता या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. तंत्रिकावेदनेवरील औषधे, खुंटाची योग्य निगा आणि कृत्रिम अवयवाचा नियमित वापर यांचाही काही रुग्णांना फायदा होतो. सर्वांना लागू पडेल असा एकच उपाय नाही.

टिकून राहिलेला नकाशा केवळ वेदनेचे कारण नाही. तो एक साधनही आहे. शिकागो येथील टॉड क्यूकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी गेलेल्या हाताच्या तंत्रिका छातीच्या स्नायूंकडे वळविल्या. त्या तेथे रुजल्यानंतर छातीवरील ठराविक जागी केलेला स्पर्श रुग्णांना गेलेल्या हातावर जाणवू लागला. हे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. हात हलविण्याचा विचार केला की, छातीचे ते स्नायू आकुंचन पावतात व त्यांच्या विद्युत् संकेतांनी यांत्रिक हात चालविता येतो. मेंदूने हाताची जागा इतर अवयवांना देऊन टाकली असती, तर अशा साधनांना फारसा आधार उरला नसता.

पारे यांच्या रुग्णांनी जे सांगितले त्यात पुढील शतकांतील रुग्णांनी मूलतः काही बदल केला नाही. बदलत गेली ती स्पष्टीकरणे. नसलेला हात आहे असे सांगणारी व्यक्ती आपल्या मेंदूच्या स्थितीचे बरेचसे अचूक वर्णन करीत होती, हे सर्वांत अलीकडील पुराव्यावरून दिसते. छायांगवेदनेवर खात्रीचा उपाय अद्याप सापडलेला नसला, तरी ही वेदना खरी आहे असे मानून उपचाराला आरंभ करणे, हा या इतिहासाचा सर्वमान्य निष्कर्ष होय.